बासेल: तीन देशांची स्थानके आणि त्यांना जोडणाऱ्या ट्राम

फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरच्या बासेल या स्विस शहरात, स्विस रेल्वेच्या बासेल एसबीबी स्थानकात फलाटांचे क्रमांक वाचत निघाले, की ते विशीच्या आसपास थांबतात आणि पुढची पाटी एकदम तीसची येते. तीस ते पस्तीस हे फलाट फ्रान्सकडे जाणाऱ्या गाड्यांचे आहेत. त्यांच्याकडे जाण्यासाठी स्थानकाच्या पश्चिम बाजूला वळून जुन्या जकात तपासणीच्या लांब मार्गिकेतून चालत जावे लागते. त्या फलाटांवरच्या तारांमधून फ्रान्सची 25,000 व्होल्टची वीज वाहते, तर शेजारच्या स्विस फलाटांवर 15,000 व्होल्टची. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या फलाटांना 2023 च्या अखेरीस सलग क्रमांक मिळाले, त्याआधी तेथे नवख्या प्रवाशाचा जो गोंधळ उडत असे, तसाच येथेही प्रथम उडतो. फरक इतकाच की येथे फलाट बदलला की रेल्वे विभागच नव्हे, रेल्वेचा देशही बदलतो.

मुलीच्या नोकरीमुळे मला या शहरात तीन महिने राहायला मिळाले. रोश आणि नोव्हार्टिस या दोन्ही औषध कंपन्यांची मुख्यालये बासेलमध्येच आहेत. त्यामुळे नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या मराठी मुलामुलींचे आईवडील वर्षभर या स्थानकातून ये-जा करत असतात. सहलीच्या गटांबरोबर स्वित्झर्लंड पाहणारे मात्र झुरिक, लुत्सर्न आणि बर्फाची शिखरे करून परततात आणि बासेल बहुधा वगळतात. हे परीक्षण मुख्यतः पहिल्या प्रकारच्या प्रवाशांसाठी आहे, कारण त्यांना हे स्थानक एकदा पाहायचे नसून रोज वापरायचे असते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बासेलचे स्थानक असे म्हणताना आपण प्रत्यक्षात तीन स्थानकांविषयी बोलत असतो. ऱ्हाईन नदीच्या दक्षिणेला स्विस रेल्वेचे बासेल एसबीबी आहे, त्याच इमारतीच्या पश्चिम अंगाला फ्रेंच स्थानक आहे आणि नदीपलीकडे, क्लाइनबासेल भागात, जर्मन रेल्वेचे बाडिशर बानहोफ आहे. जर्मनीहून येणारी लांब पल्ल्याची गाडी आधी बाडिशर बानहोफला थांबते आणि मग नदी ओलांडून एसबीबीला पोहोचते. दोन्ही पाट्यांवर बासेल हे नाव असल्याने पहिल्या थांब्याला घाईने उतरणारे प्रवासी मी अनेकदा पाहिले. शहराच्या मध्यभागी किंवा पुढे बर्न, झुरिककडे जायचे असेल, तर बसून राहावे; प्रदर्शन केंद्राकडे किंवा क्लाइनबासेलमधल्या घरी जायचे असेल, तर मात्र बाडिशर बानहोफलाच उतरणे सोयीचे.

रूळ या शहरात आले ते फ्रान्सच्या बाजूने. 1844 मध्ये अल्सास या फ्रान्सच्या सीमाप्रदेशातून आलेली गाडी ही स्विस भूमीवर पोहोचलेली पहिली रेल्वे होती. त्या वेळी शहराला तटबंदी होती आणि पुढच्याच वर्षी स्थानक तटबंदीच्या आत आले, तेव्हा रुळांसाठी तटाला खास दरवाजा ठेवून तो रात्री बंद केला जात असे. आजची एसबीबीची इमारत 1907 ची आहे. तिच्या दर्शनी भागातले दोन घड्याळांचे मनोरे, उंच दालन आणि भिंतींवरची स्विस पर्वत-सरोवरांची भव्य चित्रे यांसाठी गाडीच्या वेळेआधी वीस मिनिटे येऊन बसावे, असे मला मनापासून वाटते. 2003 मध्ये स्विस फलाटांवरून जाणारा रुंद पादचारी पूल बांधला गेला. सरकते जिने, दुकाने आणि खाण्याची ठिकाणे त्याच पुलावर आहेत. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बाजार बंद असतो, पण मोठ्या स्थानकांतली दुकाने उघडी असतात. रविवारी घरातले दूध संपले, की अर्धे शहर याच पुलावर भेटते.

मला यांपैकी सर्वांत विलक्षण वाटले ते बाडिशर बानहोफ. ते पूर्णपणे स्विस भूमीवर उभे आहे, पण त्याची मालकी जर्मन रेल्वेची आहे. या व्यवस्थेचे मूळ 1852 च्या करारात आहे. त्या वेळी जर्मनी हे एक राष्ट्र झालेले नव्हते. तो करार स्वित्झर्लंड आणि बाडेनच्या संस्थानामध्ये झाला होता. ते संस्थान इतिहासजमा झाले, दोन महायुद्धे होऊन गेली, तरी स्थानकाचे नाव बाडेनचेच राहिले आणि करारातली व्यवस्थाही टिकली. आजची इमारत 1913 ची असून ती स्विस वास्तुविशारद कार्ल मोझर यांची आहे. फलाटांवरून खाली उतरून भुयारी मार्गाने मुख्य दालनाकडे येताना जकातीची तपासणी ओलांडावी लागते. तिच्या अलीकडे जर्मन जकातीची हद्द आणि पलीकडे स्विस रस्ता. दालनातल्या दुकानांत फ्रँक आणि युरो दोन्ही चालतात. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी पूर्वी जे उपाहारगृह होते, तेथे आता आधुनिक संगीताच्या मैफली होतात आणि त्या सभागृहाचे नाव फ्रेंच भाषेत 'गार द्यु नोर', म्हणजे उत्तर स्थानक, असे ठेवले आहे. स्विस शहरातल्या जर्मन स्थानकात फ्रेंच नावाचे सभागृह असणे बासेलच्या लोकांना इतके सवयीचे आहे, की त्याविषयी विचारले तर ते क्षणभर आपल्याकडेच पाहत राहतात.

आपल्याकडे नवापूर स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, याचे कौतुक मी लहानपणापासून ऐकले आहे. पण तेथे बाकाच्या मध्यातून जाणारी रेघ ही पाहण्याची गोष्ट आहे. बासेलमध्ये रेघ कुठेच दिसत नाही, ती मनात ठेवून वागावे लागते. येथून निघणारी एस-6 ही उपनगरी गाडी त्याचे उत्तम उदाहरण ठरेल. ती एसबीबीहून निघून बाडिशर बानहोफमार्गे रीहेन या स्विस गावातून जाते आणि मग जर्मनीतल्या ल्योराखहून वीझे नदीच्या खोऱ्यात त्सेलपर्यंत पोहोचते. रीहेनमधले रूळ स्विस भूमीवरचे असले तरी जर्मन रेल्वेचे आहेत आणि त्यांवरून धावणारी गाडी स्विस रेल्वेच्या जर्मन उपकंपनीची आहे. प्रवाशाला यातले काहीच जाणवत नाही, आणि या व्यवस्थेचे श्रेय नेमके त्यातच आहे.

तरीही माझ्या मते बासेलच्या स्थानकांचे खरे मोल त्यांच्या दारासमोरून सुटणाऱ्या ट्राममध्ये आहे. एसबीबीच्या मुख्य दारातून बाहेर पडले, की समोरचा चौक हाच ट्रामचा तळ आहे. रस्ता ओलांडण्यासाठी भुयार शोधावे लागत नाही, रिक्षा ठरवावी लागत नाही, सामान घेऊन जिने चढावे लागत नाहीत. दिवसा बहुतेक मार्गांवर दर साडेसात मिनिटांनी ट्राम येते, म्हणून एक चुकली तरी जीव वरखाली होत नाही. हिरव्या ट्राम शहराच्या आणि पिवळ्या-लाल ट्राम शेजारच्या ग्रामीण कँटनच्या, म्हणजे स्विस प्रांताच्या, एवढे लक्षात ठेवले की अर्धे काम होते. तिकीट चालक देत नाही. थांब्यावरच्या यंत्रातून ते आधी घ्यावे लागते. तपासनीस साध्या कपड्यांतही येतात आणि तिकीट नसेल तर दंड मोठा असतो.

सीमा ओलांडणाऱ्या तीन ट्राममार्गांवर मी पुन्हा पुन्हा प्रवास केला. आठ क्रमांकाची ट्राम एसबीबीसमोरून निघते, मार्क्टप्लात्स आणि क्लाराप्लात्समधून, म्हणजे शहराच्या ऐन मध्यातून जाते आणि क्लाइनह्युनिंगेनच्या बंदराजवळून जर्मनीतल्या वाइल अम ऱ्हाईनच्या रेल्वे स्थानकापर्यंत पोहोचते. हा जर्मन टप्पा डिसेंबर 2014 मध्ये सुरू झाला. तीन क्रमांकाची ट्राम एसबीबीसमोरून जात नाही, ती एशेनप्लात्सला पकडावी लागते. डिसेंबर 2017 पासून ती फ्रान्समधल्या सें-लुईच्या स्थानकापर्यंत जाते. सीमेपलीकडे ट्राम नेण्याची कल्पना या शहराला नवी नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथून फ्रान्सला आणि जर्मनीलाही ट्राम जात होत्या, त्या एकेक करून बंद पडल्या आणि ल्योराखची ट्राम 1967 मध्ये सीमेवरच थांबवली गेली. जे एकदा मोडले ते दोन पिढ्यांनंतर पुन्हा खर्च करून जोडले गेले, याचे मला फार अप्रूप वाटते.

दहा क्रमांकाची पिवळी ट्राम या सर्वांत माझी आवडती आहे. ती डोरनाखहून निघते, एसबीबीसमोरून शहरात शिरते आणि नैर्ऋत्येकडच्या खेड्यांमधून सुमारे 26 किलोमीटरचा प्रवास करत रोडर्सडोर्फला जाते. शेवटून दुसऱ्या टप्प्यात फ्लू हे स्विस गाव मागे पडते, शेतांमधून ट्राम फ्रान्समधल्या लेमेनला थांबते आणि काही मिनिटांत पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये येते. मार्गाची तशी आखणी 1910 पासूनची आहे. ज्यांना बासेलमध्ये एक दुपार मोकळी मिळेल, त्यांनी ती याच ट्राममध्ये, उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्या पाहत घालवावी.

आठ क्रमांकाच्या ट्रामबाबत मात्र एक इशारा देणे आवश्यक आहे. शनिवारी ती खरेदीला निघालेल्या बासेलकरांनी तुडुंब भरते, कारण जर्मनीत किराणा बराच स्वस्त पडतो आणि 50 युरोंपेक्षा जास्त खरेदी असेल तर तेथे राहत नसलेल्यांना जर्मन कर परत मिळवता येतो. ज्येष्ठ नागरिकांनी किंवा बाबागाडी घेऊन जाणाऱ्यांनी शनिवार टाळून मंगळवार-बुधवारची सकाळ निवडावी. परतताना स्वित्झर्लंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असले तरी युरोपीय संघाच्या जकातीच्या क्षेत्रात नाही, हे विसरू नये. 2025 पासून माणशी 150 फ्रँकपर्यंतचाच माल करमुक्त आणता येतो, तर मांसाला माणशी दिवसाला एक किलोची मर्यादा आहे. शिवाय जर्मनीने ऑक्टोबर 2023 पासून या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. भाजी आणायला निघाले तरी पासपोर्ट आणि व्हिसा जवळ असावा. मोबाइलचेही तसेच आहे. युरोपीय संघातली रोमिंगची सवलत स्वित्झर्लंडला आपोआप लागू होत नाही, त्यामुळे सिमकार्ड ज्या देशाचे आहे त्याच्या पलीकडे गेल्यावर इंटरनेट बंद ठेवणे शहाणपणाचे.

हॉटेलमध्ये उतरणाऱ्यांना बासेलकार्ड मिळते. त्यावर मुक्कामाच्या काळात शहर व लगतच्या भागातली ट्राम-बस विनामूल्य असते आणि येण्याच्या दिवशी हॉटेलच्या आरक्षणाचा कागद दाखवून विमानतळ किंवा स्थानकापासून हॉटेलपर्यंतचा प्रवासही तसाच करता येतो. नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांनी मुक्काम मोठा असेल तर मासिक पासाची चौकशी करावी.

विमानतळ हा या व्यवस्थेतला उणा दुवा आहे. 1949 च्या करारानुसार फ्रान्स आणि स्वित्झर्लंड तो मिळून चालवतात आणि तो पूर्णपणे फ्रान्सच्या भूमीवर आहे. एसबीबीसमोरून सुटणारी 50 क्रमांकाची बस वीसेक मिनिटांत तेथे पोहोचवते, पण रेल्वेचे रूळ विमानतळाजवळून जात असूनही तेथे स्थानक नाही. ते व्हावे अशी योजना दीर्घकाळ चर्चेत आहे. बसमध्ये मोठ्या बॅगांसह उभे राहणे हा रेल्वेच्या शहराला शोभणारा अनुभव नव्हे. विमानातून उतरल्यावर दोन वेगळी दारे आहेत, एक स्विस आणि एक फ्रेंच. बासेलची बस स्विस दाराबाहेर असते, म्हणून सामान घेतल्यावर पाटी नीट वाचूनच बाहेर पडावे.

दुसरी उणीव दोन मुख्य स्थानकांमधल्या जोडणीची आहे. रेल्वेने हे अंतर सहा-सात मिनिटांचे आहे, पण ती गाडी दर वेळी हाताशी नसते, आणि दोन क्रमांकाची ट्राम वेटश्टाइन पुलावरून गर्दीतून जात त्याहून दुपटीने वेळ घेते. दोन्ही स्थानकांना शहराखालून जोडणाऱ्या बोगद्याची 'हेर्त्सश्ट्युक' नावाची योजना आखलेली आहे. तो होईपर्यंत, बाडिशर बानहोफहून एसबीबीला येऊन गाडी बदलायची असेल तर मध्ये किमान अर्धा तास राखावा. जर्मनीहून येणारी गाडी फार उशिरा धावत असेल, तर स्विस रेल्वे आपले वेळापत्रक बिघडू नये म्हणून ती बासेललाच थांबवते आणि प्रवाशांना पुढच्या स्विस गाडीत बसवते. प्रथम हे कठोर वाटते, पण झुरिकची पुढची गाडी बहुधा अर्ध्या तासाच्या आत असते; आसन आरक्षित नसले तरी त्याच तिकिटावर पुढे जाता येते.

फ्रान्सकडे जाणाऱ्यांनी तीस ते पस्तीस क्रमांकांच्या फलाटांसाठी दहा मिनिटे जास्त धरावीत, विशेषतः गुडघ्यांचे दुखणे असेल तर. तेथून म्युलूझ आणि स्ट्रासबुर्गला जाणाऱ्या गाड्या सुटतात. स्ट्रासबुर्ग साधारण सव्वा तासावर आहे. त्या गाडीत बसल्यावर एक गोष्ट अवश्य पाहावी. फ्रान्समध्ये इतरत्र रेल्वे डावीकडून धावते, पण अल्सासमध्ये ती उजवीकडून धावते, कारण 1871 ते 1918 या काळात हा प्रदेश जर्मनीकडे होता आणि तेव्हाची शिस्त रुळांवरून अजून गेलेली नाही.