फाटलेली अन्ननलिका: टाके की स्टेंट?

जोराच्या उलटीने अन्ननलिका आरपार फाटते, त्याला बोअरहावे सिंड्रोम म्हणतात. नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉ. हर्मन बोअरहावे यांनी १७२४ मध्ये एका डच अ‍ॅडमिरलच्या शवविच्छेदनावरून त्याचं वर्णन केलं. फाटलेली जागा शिवून रुग्ण वाचायला मात्र १९४७ उजाडलं. ते श्रेय लंडनच्या नॉर्मन बॅरेट यांचं.

उलटीनंतर लगेच छातीत कळ आली की आधी हार्ट अटॅकची शंका येते आणि त्यात मोलाचे तास जातात. तोंडाने कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये ठळक दिसणारं द्रव्य) देऊन काढलेला सीटी स्कॅन बहुधा उलगडा करतो.

नलिका बहुतेकदा खालच्या टोकाशी, डावीकडे फाटते. त्यामुळे अन्न आणि आम्ल थेट छातीच्या पोकळीत सांडतं. ऑपरेशनची खरी ताकद इथे आहे: छाती उघडून घाण धुता येते, मेलेला भाग कापता येतो, मग अस्तर आणि स्नायू वेगवेगळे शिवता येतात. पहिल्या २४ तासांत हे झालं तर उत्तम. त्यानंतर कडा सुजून टाके न धरण्याची भीती वाढते.

स्टेंट म्हणजे नलिकेच्या आत बसवायची आच्छादित जाळीची नळी. तो दुर्बिणीतून बसतो, छातीवर चीर नाही. पण तो फक्त भोक झाकतो. बाहेर सांडलेलं काढायला वेगळी नळी घालावीच लागते. शिवाय तो सरकतो. (जठराच्या तोंडाशी तर फारच.)

माझ्या मते धडधाकट रुग्ण लवकर आला असेल तर ऑपरेशनच. गळती छोटी, एका जागी कोंडलेली असेल किंवा भूल झेपणार नसेल, तर स्टेंट. अँटिबायोटिक्स आणि तोंडाने काही न घेणं दोन्हीकडे सारखंच.