जुनी मोटरसायकल उभी करताना पार्ट कुठला घ्यायचा: जुना स्टॉक, काढलेला, रेप्रो की घडवून घेतलेला?

गाडी खोलून झाली, नट-बोल्ट डब्यांत वेगळे करून ठेवले आणि आता हातात न मिळणाऱ्या पार्टची यादी आहे. रस्ते चार आहेत. कंपनीने त्या काळात बनवलेला पण कधीच न वापरलेला पार्ट, ज्याला सगळे एनओएस (न्यू ओल्ड स्टॉक) म्हणतात. दुसऱ्या गाडीवरून काढलेला ओरिजिनल. आज मूळ पार्टच्या नकलेवर नव्याने बनणारा रेप्रो. आणि लेथवर किंवा फाउंड्रीत घडवून घेतलेला. बरेच जण यातला एकच रस्ता धरतात आणि अख्ख्या गाडीला तोच लावतात, कोणी हट्टाने सगळं एनओएसच हवं म्हणून वर्षानुवर्षं थांबतो, कोणी म्हणतो रेप्रो मिळतंय ना मग कशाला वणवण, आणि माझ्या मते दोन्हीत नुकसान गाडीचंच होतं. प्रत्येक पार्टचा निर्णय वेगळा असतो. आणि चारही रस्त्यांच्या आधी एक पाचवा तपासायचा, जो यादीत कुणी लिहीतच नाही: गाडीवर जो पार्ट आलाय तोच दुरुस्त होतो का.

आधी त्याचंच बोलू, कारण टंचाई असलेल्या गाडीत सगळ्यात जास्त फायदा इथे आहे. झिजलेला सिलिंडर म्हणजे संपलेला सिलिंडर नव्हे. बोअर करून, म्हणजे आतून थोडा मोठा कापून, ओव्हरसाइज पिस्टन बसतो, जपानी गाड्यांत साधारण ०.२५ मिमीच्या टप्प्यांनी १ मिमीपर्यंत, जुन्या ब्रिटिश गाड्यांत ०.०२० इंचाच्या टप्प्यांनी, आणि सगळे टप्पे संपले तरी नवीन स्लीव, म्हणजे आतली नळी, टाकून परत स्टँडर्डला येता येतं. (निकासिल या निकेलच्या कडक कोटिंगचा सिलिंडर मात्र असा साधा बोअर करून चालत नाही, त्याचं कोटिंगच नव्याने करावं लागतं, हे आधी बघून घ्या.) गेलेल्या आट्यांत इन्सर्ट बसतो, हेडची तुटलेली फिन टिग वेल्डिंगने भरून घासून पुन्हा आकारात आणता येते, झिजलेला शाफ्ट हार्ड क्रोम करून ग्राइंड होतो. चेपलेली टाकी तर कधीच टाकू नका, कारण टाकीच्या आकारावरच गाडी लांबून ओळखली जाते आणि रेप्रो टाकीत नेमकी तीच गोलाई थोडी चुकते. ज्या माणसाकडे चांगला टर्नर आणि चांगला वेल्डर आहे त्याची पार्टची यादी निम्मी होते असं मी तरी धरून चालतो.

एनओएस: पार्ट कशाचा बनलाय ते आधी विचारा

जुन्या खोक्यातला, ऑइलपेपरमध्ये गुंडाळलेला पार्ट हातात घेतल्यावर होणारा आनंद खराच आहे, पण तो पार्ट वापरला नाही म्हणजे म्हातारा झाला नाही असं नसतं. धातूचा पार्ट गंज नसेल तर टिकतो. गिअर, कॅमशाफ्ट, पिस्टन, व्हॉल्व्ह, हबचं कव्हर, लिव्हर, बॅज, स्पीडोमीटरची काच, हे एनओएसमध्ये मिळत असेल तर डोळे झाकून नाही पण आनंदाने घ्या, फिटिंग बरोबर येतं आणि मटेरियल कंपनीचंच असतं.

रबराचं एकदम उलटं. ऑइल सीलचं रबर नुसतं पडून कडक होतं, आणि टू-स्ट्रोक गाडीत क्रँकचा सील कडक झाला की तिथून हवा आत जाते, मिक्स्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं आणि पिस्टन जॅम होतो, म्हणजे ओरिजिनल सीलच्या हौसेपायी ओरिजिनल सिलिंडर जातो. पेट्रोल पाइप, कार्बोरेटरचे डायफ्राम, इनटेकचे रबर, कागदी गॅस्केट यांचीही तीच गत. जुना कागद-फॉइलचा कंडेन्सर न वापरताही खराब होतो. जुन्या मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय स्पार्क देणाऱ्या यंत्राच्या) कॉइलवरचं शेलॅक, म्हणजे लाखेचं वार्निश, तापलं की मऊ होऊन पाझरतं, त्यामुळे गार असताना स्पार्क मस्त आणि गरम झाली की गाडी बंद. टायर तर एनओएस म्हणून फक्त शोरूमच्या गाडीला. साइडवॉलवरच्या तारखेच्या कोडमध्ये चार आकडे असतील तर तो आठवडा आणि वर्ष, आणि तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा, रस्त्यावर नेऊच नका.

आणि एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते: जुन्या स्टॉकच्या ब्रेक शूजमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते घासू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नका, जुने शू असतील तर त्यावर आजचं अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलं लायनिंग चढवून घ्या, शू ओरिजिनलच राहतो आणि ब्रेकही बरा लागतो.

अजून एक, शिल्लक राहिलेला स्टॉक शिल्लक का राहिला याचाही विचार करा. जे पार्ट भराभर झिजायचे ते तेव्हाच विकले गेले, मागे उरले ते न लागणारे किंवा विचित्र साइजचे. तुमचा बोअर दुसऱ्या ओव्हरसाइजला गेला असेल तर स्टँडर्ड पिस्टनचं चकचकीत खोकं घेऊन काय करणार. आणि पार्ट नंबर जुळला तरी त्या नंबरचं पुढे दुसऱ्या नंबरात रूपांतर झालं होतं का ते पार्ट्स कॅटलॉगमध्ये बघा, बऱ्याचदा "मिळत नाही" म्हणून लिहिलेला पार्ट नवीन नंबरखाली दुसऱ्याच मॉडेलसाठी मिळून जातो.

ज्याला आपण दुर्मिळ समजतो तो बऱ्याचदा दुर्मिळ नसतोच

बेअरिंग हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. ६२०४ लिहिलेलं बेअरिंग जगात कुठेही २० मिमी आतून, ४७ बाहेरून, १४ रुंद असंच असतं, मग ते पन्नास वर्षांपूर्वीचं असो की आजचं. त्यामुळे मोटरसायकल कंपनीच्या खोक्यातलं, आत ग्रीस सुकलेलं बेअरिंग शोधत बसण्यापेक्षा त्याच नंबरचं चांगल्या ब्रँडचं नवीन घ्या, फक्त नंबरनंतरची अक्षरं सोडू नका, क्रँकच्या बेअरिंगवर सी३ असेल तर सी३च हवं कारण त्यात गॅप जास्त ठेवलेली असते. ऑइल सील आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजून मिळतो, आणि नायट्राइलऐवजी व्हायटॉनचा मिळाला तर उष्णतेला आणि आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जास्त टिकतो. चेनचंही तसंच, ४२८, ५२०, ५३० हे आकडे कुठल्या एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. यादीतून आधी हे सगळं उडवा, मग जे उरेल ती खरी टंचाई.

काढलेला ओरिजिनल

गिअर, क्रँक, क्रँककेस, फोर्क, स्विच, कार्बोरेटरची बॉडी यांच्यासाठी माझी पहिली पसंती हीच, रेप्रोच्याही आधी, पण मोजून घेतलेला असेल तरच. फोटो बघून गिअर घेऊ नये. गिअरच्या डॉगचे, म्हणजे शेजारच्या गिअरमध्ये अडकणाऱ्या बाजूच्या उंचवट्यांचे, कोपरे गोल झाले असतील तर जोर दिला की गिअर सुटतो, दात कितीही छान दिसले तरी. शक्य असेल तर गिअरची जोडीच घ्या, नाहीतर अख्खा गिअरबॉक्स, कारण एकमेकांवर घासून बसलेल्या दातांना वेगळं केलं की आवाज येतो आणि झीज वाढते. लोखंडी पार्टचे तडे मॅग्नेटिक टेस्टने दिसतात, अ‍ॅल्युमिनियमचे डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगाने), आणि कनेक्टिंग रॉड, अ‍ॅक्सल, फोर्कचा स्टेम या तीन गोष्टी वापरलेल्या घेत असाल तर ही टेस्ट करूनच गाडीला लावा.

मिळालीच तर त्याच मॉडेलची एक मोडकी, अपुरी गाडी घेणं सुट्या पार्टपेक्षा कितीतरी बरं पडतं, कारण तिच्याबरोबर ते सगळे स्पेसर, वॉशर, क्लिप, ब्रॅकेट येतात जे कुठल्याच विक्रेत्याकडे नसतात आणि कॅटलॉगच्या चित्रातही नीट दिसत नाहीत. पूर्ण असलेली, चालू होऊ शकणारी गाडी मात्र पार्टसाठी फोडू नका, एवढं मनापासून सांगतो. आणि फ्रेम किंवा क्रँककेस घेताना नंबर आणि कागद आधी, बाकी सगळं नंतर. इंजिन आणि फ्रेमचा नंबर जुळणं काही गाड्यांत सगळ्यात मोठी गोष्ट असते, होंडा सीबी७५० चं बघा, १९६९ च्या सुरुवातीच्या ज्या गाड्यांना सँडकास्ट म्हणतात त्यांची ओळखच क्रँककेसच्या ओतकामावरून आणि नंबरावरून होते, तिथे दुसरी केस लावली की गाडी वेगळीच झाली.

रेप्रो विरुद्ध घडवून घेतलेला

रेप्रो हा शब्द एक असला तरी त्यात दोन टोकं आहेत. एका टोकाला असे पार्ट की जे मूळ ड्रॉइंगवरून किंवा मूळ नावाखालीच बनतात, जसं अमल या ब्रिटिश कंपनीचे कार्बोरेटर आजही नवीन मिळतात, आणि त्यात हार्ड अ‍ॅनोडाइज्ड स्लाइडसारखी सुधारणाही आहे जी जुन्या झिंक मिश्रधातूच्या स्लाइडपेक्षा खूप कमी झिजते. व्हिन्सेंट या ब्रिटिश मोटरसायकलचं उत्पादन १९५५ मध्ये बंद झालं, पण मालकांच्या क्लबची स्वतःची स्पेअर्स कंपनी आहे आणि तिच्यामुळे त्या गाडीचे यांत्रिक पार्ट मिळतात. उलट चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या साध्या कम्युटर गाडीचं प्लास्टिकचं साइड कव्हर जगात मिळत नाही कारण ती जपावी असं तेव्हा कुणाला वाटलंच नाही. म्हणजे गाडी किती जुनी यावरून पार्टची टंचाई ठरत नाही, तिच्यामागे माणसं किती उभी आहेत यावरून ठरते, आणि गाडी अजून घेतली नसेल तर घेण्याआधी हेच तपासा.

दुसऱ्या टोकाला कॉपीवरून केलेली कॉपी. भोकं दोन मिमी सरकलेली, स्प्रॉकेट मऊ, इग्निशनच्या पॉइंटची टाच महिन्यात झिजणारी. क्रोम बघून फसू नका, वरचा क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, खरं गंज अडवतं ते खालचं निकेल, आणि स्वस्त रेप्रोमध्ये नेमकं तेच वाचवलेलं असतं. तरी केबल, रबर, स्पोक, गॅस्केट, सीट कव्हर, साइलेन्सर यांच्यासाठी रेप्रो ठीक आहे, नव्हे तोच घ्यावा. इंजिनच्या आत जाणाऱ्या रेप्रोला मात्र मायक्रोमीटर लावल्याशिवाय आत जाऊ देऊ नका.

घडवून घेणं हा शेवटचा पर्याय. बुश, स्पेसर, अ‍ॅक्सल, ब्रॅकेट, व्हॉल्व्ह गाइड यांच्यासाठी तो उत्तम आहे, गिअर आणि शाफ्टसाठी सांभाळून. लेथवाला आकार अगदी बरोबर काढून देईल, पण स्टील कुठलं आणि हार्डनिंग कुठलं हे तुम्हालाच ठरवून सांगावं लागतं. गिअरला केस हार्डनिंगचं स्टील लागतं, ईएन३६ सारखं, वरून कडक आणि आतून चिवट, साध्या माइल्ड स्टीलचा गिअर दिसायला तसाच असतो आणि थोड्याच दिवसांत दात सोडतो. ओतकाम करायचं असेल तर जुना पार्टच साचा म्हणून दिला की नवा लहान येतो, कारण अ‍ॅल्युमिनियम थंड होताना साधारण १.३ टक्के आक्रसतं, तेवढं आधी वाढवून पॅटर्न करावा लागतो, आणि आता स्कॅन करून थ्रीडी प्रिंटचा पॅटर्न काढता येतो त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा सोपं झालंय. हाय टेन्साइल बोल्टला झिंक चढवून घेत असाल तर प्लेटिंगनंतर लगेच काही तास साधारण २०० अंशांवर भाजून घ्यायला सांगा, नाहीतर हायड्रोजनमुळे बोल्ट ठिसूळ होतो आणि काही न सांगता तुटतो. स्टेनलेस बोल्ट चमकतात पण नेहमीचे ए२-७० हे ८.८ ग्रेडपेक्षा कमजोर असतात, ब्रेकच्या आणि इंजिन माउंटच्या जागी नकोत.

आटे बनवून घेताना तर फारच सांभाळा. पाव इंची व्हिटवर्थ (जुनं ब्रिटिश माप) आणि पाव इंची यूएनसी (अमेरिकन माप), दोन्हीत इंचाला २० आटे, त्यामुळे नट चढतो आणि वाटतं जमलं, पण एकाचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०, म्हणून पकड अर्धवट राहते.

मग तुम्ही काय घ्यायचं

गाडी चालवायची असेल तर इंजिनच्या आत मोजलेला काढलेला ओरिजिनल किंवा खात्रीचा नवीन, रबर आणि इलेक्ट्रिकल सगळं आजचं, बाहेरून दिसणारं मूळचं दुरुस्त केलेलं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायला हरकत नाही, मात्र काहीही न कापता लागलं पाहिजे आणि पॉइंट प्लेट जपून ठेवली पाहिजे. स्पर्धेत, प्रदर्शनात न्यायची असेल तर एनओएसचा आग्रह पटतो, तिथे फिनिशही त्या वर्षाचंच हवं, १९२० च्या दशकाच्या मध्यातल्या गाडीला सगळीकडे क्रोम केलं तर ते चूकच, तेव्हा निकेल असायचं. आणि गाडी मूळ रंगासकट, मूळ स्टिकरसकट आलेली असेल तर माझं ऐका, रिस्टोअर करूच नका, साफ करा, यांत्रिक काम करा आणि थांबा. फिवा या जागतिक संघटनेच्या ट्युरिन चार्टरमध्येही जतनाला रिस्टोरेशनच्या वर ठेवलंय, आणि बदललेला पार्ट ओळखता यावा अशी खूण त्यावर करायला सांगितलंय.

पार्ट कुठलाही घ्या, रंगाला आणि क्रोमला देण्याआधी अख्खी गाडी एकदा कोरडी जोडून बघा, मडगार्ड, टाकी, साइलेन्सर, चेनगार्ड सगळं. रेप्रोची सरकलेली भोकं तेव्हाच सापडतात आणि तेव्हाच फाइल मारता येते. काढलेले सगळे पार्ट लेबल लावून डब्यात ठेवा, तुटलेलेसुद्धा, कारण उद्या तो पार्ट घडवायची वेळ आली तर टर्नरला माप घ्यायला तोच लागणार आहे.