छातीतली रिकामी जागा : मूळ साच्यातल्या ऑप्टिमस प्राइमचे परीक्षण

‘ट्रान्सफॉर्मर्स’ या खेळण्यांच्या मालिकेतला, ट्रकमधून यंत्रमानवात बदलणारा नायक ऑप्टिमस प्राइम म्हटले की आजच्या मुलांच्या डोळ्यांसमोर २००७ पासून पडद्यावर दिसणारा, लांब नाकाचा आणि अंगावर ज्वाळा रंगवलेला ट्रक उभा राहतो. माझ्या टेबलावर दोन महिने उभा असलेला ऑप्टिमस त्याच्या आधीचा आहे : चपट्या तोंडाची लाल केबिन, निळे पाय आणि मागे करड्या रंगाचा चौकोनी ट्रेलर. ही प्रत १९८४ ची नव्हे. हॅस्ब्रो कंपनीने २००२ साली जुना साचा वापरून पुन्हा बाजारात आणलेल्या आवृत्तीतली ती आहे, आणि मी ती एका संग्राहकाकडून आठ हजार रुपयांना विकत घेतली. एवढ्या पैशांत त्याच पात्राचे नवे, अधिक सांध्यांचे आणि पडद्यावरच्या रूपाशी अधिक जुळणारे खेळणे मिळू शकते. तरीही मी हेच घेतले, कारण भान असलेला हा लढाऊ यंत्रमानव जन्माला कसा आला, याचा पुरावा या जुन्या साच्यात प्रत्यक्ष हाताला लागतो.

तो पुरावा छातीत आहे. यंत्रमानवाच्या छातीवर ज्या दोन काचा दिसतात त्या म्हणजे ट्रकच्या समोरच्या काचा. त्यांची चौकट नखाने हळूच उचलली की ती बिजागरीवर उघडते आणि आत एक लहानशी पोकळी दिसते. यंत्रमानवाच्या हृदयाची ती जागा असावी असे प्रथम वाटते, पण तिथे काहीच नाही. ही जागा चालकासाठी ठेवलेली आहे, आणि खोक्यात चालक येत नाही.

चालक कोण होता हे समजून घ्यायचे तर जपानमध्ये जावे लागते. टोकियोच्या ताकारा कंपनीने १९८० मध्ये ‘डायाक्लोन’ नावाची खेळण्यांची मालिका सुरू केली. वारुडर नावाच्या कीटकसदृश परग्रहवासी आक्रमकांशी मानवी पथके प्रचंड यंत्रांत बसून लढतात, अशी तिची पार्श्वभूमी होती. या यंत्रांबरोबर इंचभर उंचीची माणसे मिळत, त्यांच्या तळपायांत चुंबक असे, आणि मुलांनी त्यांना यंत्राच्या आसनांत बसवून मग लढाई मांडायची, असा तो खेळ होता. १९८२ पासून याच मालिकेत खऱ्याखुऱ्या मोटारींतून बदलणारे यंत्रमानव आले आणि १९८३ मध्ये ‘बॅटल कॉन्व्हॉय’ हा ट्रक आला. तोच आपला ऑप्टिमस. त्या वेळी त्याला नाव होते, शस्त्रे होती, फिरता तळ होता, पण मन नव्हते. रणगाड्याला जेवढे मन असते तेवढेच. विचार करायचा तो आत बसलेल्या इंचभर माणसाने.

अमेरिकेत हे खेळणे पोहोचले ते हॅस्ब्रोमुळे, आणि हॅस्ब्रोचे लक्ष या बदलत्या यंत्रांकडे वेधण्यात हेन्री ओरेनस्टाइन यांचा मोठा वाटा होता. नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत सुटून अमेरिकेत आलेल्या आणि खेळण्यांच्या धंद्यात नाव कमावलेल्या या माणसाला एका वस्तूतून दुसरी वस्तू घडण्यातली गंमत ताबडतोब कळली होती. हॅस्ब्रोने ताकाराच्या डायाक्लोन आणि मायक्रोमॅन या दोन वेगवेगळ्या मालिकांतली खेळणी एकत्र करून त्यांना ‘ट्रान्सफॉर्मर्स’ हे एकच नाव दिले. इंचभर माणसे मात्र खोक्यातून काढून टाकली. खर्च, सोय किंवा विक्रीचा हिशेब, कारण काहीही असो, त्या एका निर्णयाने आसने रिकामी झाली आणि एक प्रश्न आपोआप उभा राहिला : चालकच नसेल तर ही यंत्रे चालतात कशी? त्याचे उत्तर मार्व्हल कॉमिक्सच्या कचेरीत लिहिले गेले. तिथले मुख्य संपादक जिम शूटर यांनी कथेचा पहिला आराखडा केला, डेनिस ओनील यांनी या ट्रकला ‘ऑप्टिमस प्राइम’ हे नाव दिले, आणि बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांची नावे व स्वभाव लिहून काढले. ही यंत्रे स्वतःच जिवंत आहेत, सायबरट्रॉन नावाच्या ग्रहावरून आली आहेत आणि तिथल्या यादवी युद्धात त्यांचे दोन पक्ष पडले आहेत, हे सारे तेव्हा ठरले. साचा तोच राहिला, सांधे तेच राहिले, प्राणप्रतिष्ठा मात्र कागदावर झाली.

तो कागद म्हणजे खोक्याच्या मागची माहितीची चौकट, आणि माझ्या मते या खेळण्याचा तो निम्मा ऐवज आहे. मूळ खोक्यावर पात्राच्या गुणांचे आलेख लाल जाळीखाली दडवलेले असत आणि सोबत मिळणारी लाल प्लॅस्टिकची पट्टी वर धरली की ते दिसू लागत. ऑप्टिमसला बळ, बुद्धी, चिवटपणा, दर्जा, धैर्य आणि कौशल्य यांत दहापैकी १०, तर वेग आणि मारकशक्ती यांत ८ गुण दिलेले आहेत. सेनापतीला मारकशक्तीत पूर्ण गुण न देणारा लेखक काय सांगू पाहतो, हे मुलांना न समजावताही कळत असावे. त्याच चौकटीत त्याचे ब्रीद आहे, आणि त्याचा अर्थ असा की स्वातंत्र्य हा भान असलेल्या प्रत्येक जीवाचा हक्क आहे. युद्धासाठी घडवलेल्या यंत्राच्या खोक्यावर, आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी, ‘भान असलेला’ या अर्थाचा इंग्रजी शब्द निःसंकोचपणे छापला गेला, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

त्या मजकुरातला आणखी एक तपशील खेळण्याशी फार सुंदर जुळतो. ऑप्टिमसचे तीन भाग मानलेले आहेत : केबिनचा होणारा यंत्रमानव म्हणजे मेंदू, ट्रेलरमधून सुटणारी ‘रोलर’ नावाची छोटी टेहळणी गाडी, आणि उघडलेल्या ट्रेलरमधला तोफखाना. यांपैकी एकाला इजा झाली तर तिची वेदना उरलेल्या भागांनाही होते, असे तिथे म्हटले आहे. ट्रेलर उघडताना हे वाक्य आठवते. त्याच्या दोन्ही बाजू पाखांसारख्या पसरतात, मधोमध एक यांत्रिक हात उभा राहतो, आणि खटका दाबला की स्प्रिंगच्या जोराने रोलर टेबलावर धावत सुटते. त्या यांत्रिक हातालाही एक झाकण आहे, ते उघडले की आत पुन्हा चालकाची जागा, आणि तीही रिकामी. अभियंत्यांनी जिथे जिथे माणूस बसवायचे ठरवले होते तिथे तिथे लेखकांना जाणीव ठेवावी लागली, आणि वेदना वाटून घेणारे तीन देह ही कल्पना बहुधा त्या अनेक आसनांचा मेळ घालतानाच सुचली असावी. हा माझा तर्क आहे, पण खेळणे हातात घेतले की तो सहज सुचतो.

आवाजाचा उल्लेख केल्याशिवाय या जन्मकथेचे परीक्षण पुरे होणार नाही, जरी या खेळण्याला आवाज नसला तरी. १७ सप्टेंबर १९८४ रोजी दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली तेव्हा ऑप्टिमसला पीटर कलन यांचा आवाज होता. त्यांचे बंधू लॅरी हे अमेरिकी मरीन दलातले, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक. आवाजाच्या चाचणीला निघताना नायक आरडाओरडा करणारा नसावा, सौम्य राहण्याइतका बलवान असावा, असा सल्ला त्यांनी दिला होता आणि आपण भावाचीच बोलण्याची पद्धत उचलली, असे कलन यांनी वेळोवेळी सांगितले आहे. एका काल्पनिक सैनिकी यंत्राला जो धीरगंभीर स्वभाव मिळाला तो अशा रीतीने एका खऱ्या सैनिकाकडून आला.

पुढे मालिकेने या पात्राला स्वतःची पूर्वकथाही दिली. त्या कथेत तो ओरायन पॅक्स नावाचा गोदीतला साधा कामगार असतो, शत्रूपक्षाचा नेता मेगाट्रॉन याच्या हल्ल्यात तो कोसळतो, आणि अल्फा ट्रायॉन नावाचा एक वृद्ध यंत्रमानव त्याला नव्या देहात उभा करतो. नंतर १९८६ मध्ये आणखी मागचा इतिहास दाखवला गेला, त्यानुसार क्विंटेसन नावाच्या निर्मात्यांनी दोन प्रकारचे यंत्रमानव बनवले होते, एक घरगुती कामाचे आणि दुसरे लष्करी. ऑप्टिमसचा पक्ष पहिल्यांचा वंशज आणि शत्रूपक्ष दुसऱ्यांचा. म्हणजे सेनापती झालेला हा यंत्रमानव मुळात सैनिक म्हणून घडवलेलाच नव्हता. कथा म्हणून हे मला मनापासून आवडते, पण खेळण्याचा इतिहास नेमका याच्या उलट आहे. बॅटल कॉन्व्हॉय हा पहिल्या दिवसापासून युद्धासाठीच होता. कथेने त्याला कामगार केले, तेव्हा कुठे त्याच्या युद्धाला कारण मिळाले.

१९८५ मध्ये हीच खेळणी ताकाराने जपानमध्ये परत आणली. ट्रकचे नाव तिथे ‘कॉन्व्हॉय’ असेच राहिले, पण मालिकेच्या जपानी नावात आता ‘महायंत्रमानव जीव’ अशा अर्थाचे शब्द आले. यंत्र म्हणून परदेशी गेलेली वस्तू जीव होऊन मायदेशी परतली.

आता वस्तू म्हणून तिची पारख. केबिन हातात घेतली की पहिल्यांदा जाणवते ते वजन. धडात धातू आहे, चाकांना रबरी टायर आहेत, आणि पुढच्या बंपरवरचा चांदीसारखा मुलामा उजेडात छान चमकतो. ट्रक करायला दोन मिनिटेही लागत नाहीत : मुठी काढायच्या, डोके आत दडवायचे, बाहू मागे दुमडायचे, पाय मागे वळवायचे. प्रत्येक जोड बसताना बारीक ‘टक्’ असा आवाज होतो आणि आता जोर लावू नये हे बोटांना आपोआप कळते. एवढ्या कमी हालचालींत दोन्ही रूपे इतकी ओळखू येतात, यात आरेखन करणाऱ्यांचे खरे कसब आहे. मात्र यंत्रमानव म्हणून तो जवळजवळ ताठच उभा राहतो. गुडघ्यावर बसवणे किंवा कमरेतून वळवणे जमत नाही, आणि बंदूक धरलेला हात वर उचलला की सेनापतीपेक्षा पहारेकरी वाटतो. ज्यांना निरनिराळ्या पवित्र्यांत उभा करून छायाचित्रे काढायची आहेत त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

मुठी वेगळ्या निघतात ही मूळ आरेखनाचीच उणीव आहे. ट्रक करताना त्या काढून ठेवाव्याच लागतात, आणि लहान मूल घरात असेल तर त्या हमखास पलंगाखाली जातात. २००२ च्या या आवृत्तीत केबिनच्या बाजूच्या धुराच्या नळ्या लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी आखूड केलेल्या आहेत. संग्राहक मंडळी यावर फार नाराज असतात आणि ट्रकच्या रूपात त्या जरा खुज्या दिसतात हे खरे, पण माझा सात वर्षांचा भाचा तो हाताळतो तेव्हा मला त्या तशाच बऱ्या वाटतात. माझी खरी तक्रार विकणाऱ्याबद्दल आहे. ‘सगळे भाग आहेत’ असे सांगून त्याने दिलेल्या खोक्यात इंधनपंपाची नळी नव्हती, आणि विचारणा केल्यावर उत्तरही आले नाही. ट्रेलरमध्ये पंप आहे, शेजारी रोलर उभी आहे, पण तिला इंधन द्यायची नळी नाही, हे दृश्य रोज डोळ्यांना खुपते.

आपल्याकडे या जातीच्या खेळण्यांची ओळख बऱ्याच जणांना फनस्कूलमुळे झाली. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून सुरू झालेल्या या कंपनीचा गोव्यात कारखाना आहे, आणि हॅस्ब्रोच्या साच्यांतली किती तरी खेळणी तिने भारतीय मुलांच्या हाती दिली. त्यामुळे पस्तिशी-चाळिशीतल्या वाचकांना हे प्लॅस्टिक, हे स्टिकर आणि हे बिजागरीचे आवाज परके वाटणार नाहीत.

नव्या आवृत्त्यांशी तुलना करायची तर एकच मुद्दा मला निर्णायक वाटतो. ताकाराने २००३ मध्ये याच पात्राची मोठी, अतिशय देखणी ‘मास्टरपीस’ आवृत्ती काढली. तिचीही छाती उघडते, पण आत ‘मॅट्रिक्स’ असतो, म्हणजे १९८६ च्या चित्रपटाने नायकाच्या छातीत ठेवलेली तेजस्वी, पवित्र वस्तू. जिथे चालक बसायचा तिथे आता यंत्रमानवाचा स्वतःचा आत्माच ठेवलेला आहे. ते पाहून आनंद होतो, आणि घरात एकच ऑप्टिमस ठेवायचा असेल तर बहुतेकांना मी तोच घ्यायला सांगेन. पण त्यात कथा पूर्ण झालेली आहे. जुन्या साच्यात ती अजून घडायची आहे : माणूस उठून गेला आहे, आत्मा अजून आलेला नाही, आणि काचेची चौकट उघडून त्या मधल्या क्षणात डोकावता येते.

म्हणून जुना साचा घ्यायचाच असेल तर दोन्ही मुठी, बंदूक, क्षेपणास्त्रे, रोलर आणि पंपाची नळी यांचे वेगवेगळे फोटो पैसे देण्याआधी मागवावेत, स्टिकरांच्या कडा सुटल्या आहेत का ते पाहावे, आणि छातीची चौकट उघडून काढलेला एक फोटो आवर्जून मागावा, कारण तिथली बिजागरी नाजूक असते आणि ती मोडलेली असेल तर ती रिकामी जागा बंदच राहते.