कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांचे टपाल तिकीट: एका संग्राहकाचे मत

गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन यांच्या तिकिटाने १९७८ साली सुरू झालेल्या अमेरिकी टपाल खात्याच्या ‘ब्लॅक हेरिटेज’ या कृष्णवर्णीय अमेरिकी व्यक्तींवरील मालिकेत वकील आणि न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांचा क्रमांक ४७वा लागला. ३१ जानेवारी २०२४ रोजी निघालेल्या या तिकिटाचे वीसचे शीट मी घेतले. तेव्हाच्या दराने त्याचे १३ डॉलर ६० सेंट पडले. चार्ली पामर यांनी रंगवलेल्या व्यक्तिचित्रातील करारीपणा एवढ्याशा जागेतही टिकून राहिला आहे आणि छपाईत खोट काढावी असे मला काही आढळले नाही.

खंत एवढीच, की चेहरा पाहून कारकिर्दीचा आवाका कळत नाही. मॉटली बहुतेकांना ठाऊक असतात त्या वकील म्हणून: शाळांतील वंशभेदाविरुद्धच्या ब्राउन खटल्यातील मूळ दाव्याचा मसुदा लिहिणाऱ्या, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला १९६२ साली मिसिसिपी विद्यापीठाचे दार उघडून देणाऱ्या आणि सर्वोच्च न्यायालयात दहा खटले चालवून त्यांपैकी नऊ जिंकणाऱ्या. १९६४ साली न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला, पण तिथे त्या जेमतेम वर्षभर होत्या. अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६६ साली त्यांना संघीय न्यायाधीशपदी नेमले, तेव्हा मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलँड यांनी मंजुरी काही महिने रखडवली.

मला मात्र त्यांचा १९७५ सालचा एक आदेश सर्वांत मोलाचा वाटतो. एका बड्या वकिली संस्थेवर स्त्रियांना डावलल्याचा दावा त्यांच्यापुढे आला असता, मॉटली स्वतः कृष्णवर्णीय स्त्री असल्याने निःपक्ष राहू शकणार नाहीत, सबब त्यांनी खटल्यातून बाजूला व्हावे, असा अर्ज प्रतिवादीच्या वतीने झाला. वंश, लिंग आणि पूर्वीची वकिली ही कारणे पुरेशी मानली, तर या न्यायालयातील एकाही न्यायाधीशाला हा खटला चालवता येणार नाही, असे सांगून त्यांनी तो अर्ज फेटाळला. (गोऱ्या पुरुष न्यायाधीशांकडे असा अर्ज घेऊन जाण्याचे कुणाला सुचले असते का, हा प्रश्न मला पडतोच.)

वापराबाबत दोन गोष्टी सांगतो. भारतात पत्र धाडायला तेव्हा १ डॉलर ५५ सेंट लागत आणि हे तिकीट ६८ सेंटचे, त्यामुळे पुण्याच्या पाकिटावर मला तीन चिकटवावी लागली. वापरलेले तिकीट जपायचे असेल, तर ते पाण्यात भिजवून सोडवण्याच्या फंदात पडू नये. भोवती थोडा कागद राखून कात्रीने कापावे.