भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर: यंत्र चांगले, पण डेटाबेसची कॉन्फिग फाइल बेफिकिरीने लिहिलेली

४ जीबी रॅमच्या या सर्व्हरची डिस्क वेगवान आहे आणि नेटवर्कबद्दलही माझी तक्रार नाही. मात्र त्यावर तयार मिळणाऱ्या मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये बफर पूल, म्हणजे डेटा मेमरीत ठेवण्याची जागा, मूळच्या १२८ एमबीवरच सोडलेला होता, तर कनेक्शनची कमाल मर्यादा १५१ वरून थेट १००० केलेली होती आणि प्रत्येक कनेक्शनला मिळणारा सॉर्ट बफर (माहिती क्रमाने लावण्यासाठीची मेमरी) २५६ केबीऐवजी १६ एमबी ठेवलेला होता. परिणामी गर्दी वाढली, की मेमरी संपे आणि लिनक्सचे कर्नल डेटाबेसची प्रक्रियाच मारून टाकत असे.

मदत कक्षाने क्वेरी कॅशची, म्हणजे क्वेरींची (डेटाबेसला केलेल्या विचारणांची) उत्तरे साठवून ठेवण्याच्या सोयीची, एक ओळ कॉन्फिग फाइलमध्ये घालायला सांगितली. ८.० मधून ती सोयच काढून टाकलेली असल्यामुळे, 'अनोळखी व्हेरिएबल' एवढे लॉगमध्ये नोंदवून सर्व्हर सुरूच होईना. सल्ला देणाऱ्याने आवृत्ती तरी पाहायची!

शेवटी मीच सॉर्ट बफर मूळपदावर आणला, कनेक्शन १०० वर आणली आणि बफर पूल दीड जीबी केला. रॅमच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांचा प्रचलित सल्ला केवळ डेटाबेससाठी राखलेल्या यंत्राला लागू पडतो, आणि इथे वेबसर्व्हरही त्याच मेमरीवर जगतो. स्लो क्वेरी लॉगची (जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरींच्या नोंदीची) मर्यादा १० सेकंदांवरून १ वर आणताच इंडेक्सचा (शोध जलद करणाऱ्या सूचीचा) आधार नसलेली एक क्वेरीही सापडली, पण तो दोष माझाच होता. यंत्राला चार तारे, मदत कक्षाला एक.