विमानतळाशेजारी बाग करायची तर तळं की मातीचे वरंबे?

रनवेजवळ घरं बांधता येत नाहीत म्हणून रिकाम्या जागेत बाग करा, हे सगळेच म्हणतात, पण कसली बाग?

पहिला पर्याय तळ्याचा. पाणी, गवत, बोटिंग, लोकांना मनापासून आवडतं, मलाही आवडतं. पण पाणी आलं की बदकं आणि हंस आलेच, आणि मग इंजिनात पक्षी शिरायची भीती. २००९ मध्ये न्यूयॉर्कला हंसांच्या थव्याने दोन्ही इंजिनं बंद पडली आणि विमान हडसन नदीत उतरवावं लागलं, सगळे वाचले हे नशीब आणि पायलटचं कसब. २०१० मध्ये अॅमस्टरडॅमच्या स्किपोलवरून उडालेल्या विमानालाही हंस धडकले, ते कसंबसं परत उतरलं.

दुसरा पर्याय त्याच स्किपोलजवळचा, बाउटेनस्खॉट पार्क, २०१३ चा. तिथला पोल्डरबान रनवे २००३ साली सुरू झाला आणि टेकऑफचा जमिनीलगतचा घरघराट सपाट शेतांवरून थेट गावात पोचायला लागला, लोक वैतागले. मग लक्षात आलं की शरद ऋतूत शेतं नांगरली की आवाज कमी होतो, आपल्या शेतातल्या सरी-वरंब्यासारखंच की! म्हणून तसेच मोठाले वरंबे उभारले, मधे सायकलचे रस्ते, खेळायला जागा, आवाज वरंब्यांवर आपटून विखुरतो.

हां, डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा आवाज यानं थांबत नाही, फक्त जमिनीवरचा कमी होतो. तरी माझं मत वरंब्यांनाच, तळं पाहिजेच असेल तर ते रनवेपासून चांगलं लांब करा.