वॉशिंग सेंटर कुठं टाकायचं: कॉलनीत, उद्यमनगरात की हायवेला?

कोल्हापुरात गाड्या धुण्याचं सेंटर काढायचं म्हटलं की साधारण तीन तऱ्हेच्या जागा पुढं येतात. राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाचा किंवा फुलेवाडी रिंग रोडच्या कॉलनीतला कोपऱ्याचा प्लॉट, शिवाजी उद्यमनगरातलं बंद पडलेलं वर्कशॉपचं शेड, नाहीतर उचगाव-उजळाईवाडीपासून गोकुळ शिरगावपर्यंतचा हायवेलगतचा तुकडा. एजंट तिन्ही ठिकाणी एकच सांगतो, "साहेब, गाड्या बघा किती जातात." मंजुरीची फाइल ज्याच्या टेबलावर जाते, त्याला गाड्या मोजायच्या नसतात. पाणी कुठून येणार, घाण पाणी कुठं जाणार आणि नंबर लावून थांबलेली गाडी कुणाच्या दारात उभी राहणार, हे त्याला बघायचं असतं. जागा निवडताना आपणही तिथूनच सुरुवात करावी. गिऱ्हाईक वर्षभरात जोडता येतं. जिथं ड्रेनेजच नाही तिथं ते आणणार कुठून?

पाणी लागतं किती

नुसता पाइप सोडून कार धुतली तर 150 ते 200 लिटर सहज जातात. प्रेशर पंपावर तेच काम 50 ते 80 लिटरमध्ये होतं, खालची बाजू धुतली की 100 च्या आसपास. दिवसाला 25 गाड्या धरा, म्हणजे 2,500 लिटर. शहरात माणशी 135 लिटर पाण्याचा हिशोब धरतात. त्या मापाने हे अठरा माणसांचं पाणी झालं. फार वाटत नाही. पण मे महिन्यात वरच्या मजल्यावर पाणी चढत नसताना खाली फोमच्या आंघोळी चाललेल्या दिसल्या की अख्खी कॉलनी अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसला जाते. काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात आलं, ते पिण्यासाठी. त्यावर हा धंदा बेतूच नका.

राहिला बोअर. दिवसाला 10,000 लिटरपेक्षा कमी उपसा असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांत ना हरकत दाखल्यातून सूट आहे, आणि वरचा आकडा त्यात आरामात बसतो. त्यामुळं पाण्याच्या बाबतीत तिन्ही जागा जवळपास सारख्याच. फरक एवढाच की कॉलनीत तुमच्या बोअरच्या आजूबाजूला दहा घरांचे बोअर असतात आणि त्यातला एक जरी आटला तरी नाव तुमचंच येणार.

घाण पाण्याचं गणित

खरा निकाल इथं लागतो, म्हणून जरा सविस्तर.

पावसाळ्यात गगनबावड्याकडून आलेली एखादी बोलेरो रॅम्पवर चढते. पोरगा मडगार्डच्या आत जेट मारतो, तांबडा चिखल ढेपाढेपाने सुटतो, मागोमाग चेसिसवरचं ग्रीस. मग फोम. खालच्या जाळीत उसाचा पाला अडकलेला असतो, पाणी तुंबतं आणि तुंबलेल्या पाण्यावर निळसर-जांभळा तवंग पसरतो. ते पाणी पुढं कुठं जातं, हा प्रश्न.

त्यासाठी तीन कप्प्यांची टाकी लागते. पहिल्यात माती आणि वाळू बसते, दुसऱ्यात तेल वर तरंगून अडतं, तिसऱ्यातून पाणी बाहेर पडतं किंवा पुन्हा वापरायला घेतात. कागदावर सोपं आहे. गोम शाम्पूत आहे. शाम्पू तेलाचे इतके बारीक थेंब करतो की ते तरंगायलाच तयार होत नाहीत आणि दुसऱ्या कप्प्यातून सरळ पुढं निघून जातात. त्यामुळं टाकी लहान बांधली आणि पाणी घाईने पुढं ढकललं, तर ती नुसती दाखवायला. पाण्याला आत तासन्‌तास थांबायला जागा हवी, कधी तुरटीसारखं रसायन टाकून गाळ खाली बसवावा लागतो. काळ्या रानातून आलेला ट्रॅक्टर असेल तर आणखी वेळ, कारण ती चिकण माती लवकर खाली बसत नाही. दुसरी गोष्ट छपराची. रॅम्प उघडा ठेवला तर जुलैच्या एका सरीत टाकी भरून वाहते आणि वर साठलेलं तेल सगळ्यात आधी बाहेर जातं. छप्पर हवंच, आणि ते नकाशात दाखवायला हवं, कारण शेड म्हणजे बांधकाम.

आता जागांकडे. सार्वजनिक ड्रेनेजमध्ये सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीसची मर्यादा लिटरला 20 मिलिग्रॅम. तेच पाणी नाल्यात, ओढ्यात किंवा शेतजमिनीवर सोडायचं असेल तर 10 मिलिग्रॅम. म्हणजे हायवेलगत, जिथं ड्रेनेजलाइन नाही आणि मागं उसाचं रान आहे, तिथं नियम दुप्पट कडक. लोकांची समजूत नेमकी उलटी असते: शहराबाहेर गेलं की कोण बघतंय! बघणारा तिथं जास्त जवळ असतो. ज्याच्या विहिरीवर तवंग येतो तो शेतकरी अर्ज-विनंतीच्या भानगडीत पडत नाही, थेट दारात येतो.

कॉलनीतली अडचण वेगळी. अनेक ठिकाणी घरापुढं उघडं गटारच आहे. ते लहान नाल्याला, तो शहरातल्या जयंती नाल्याला आणि जयंती पंचगंगा नदीला मिळते. जयंतीचं पाणी उपसून कसबा बावड्याच्या 76 एमएलडीच्या, म्हणजे दिवसाला 7.6 कोटी लिटरच्या, केंद्रात नेतात हे खरं, पण ते केंद्र मैलापाण्यासाठी आहे, इंजिन ऑइलसाठी नाही. पंचगंगेच्या प्रदूषणाचा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेलेला असताना उघड्या गटारात पाइप सोडलेला नकाशा कोण मंजूर करील? उद्यमनगरातल्या शेडला ड्रेनेजचं चेंबर आहे का, हे आधी झाकण उघडून बघा. असेल तर तिन्हींत हीच जागा सरस. मालक "आहे हो" म्हणाला यावर जाऊ नका. एक बादली निळीचं पाणी सोडा आणि पुढच्या चेंबरमध्ये येतं का बघा.

टाकीतला तेलकट गाळ कचरागाडीत टाकता येत नाही. 2016 च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा ठरतो आणि अधिकृत प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावा लागतो. हा खर्च तिन्हीकडे सारखाच, पण धंद्याच्या हिशोबात बहुतेक जण तो धरतच नाहीत.

रांग आणि आवाज

एक गाडी नीट धुऊन, पुसून, आतून व्हॅक्युम मारून बाहेर पडायला 40 मिनिटं लागतात. दोन रॅम्प असतील तर तासाला तीन गाड्या. रविवारी सकाळी तासाभरात सहा आल्या तर तीन उभ्या राहणार. एका कारच्या पार्किंगचं नियमातलं माप अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे पंधरा मीटर लांबीची रांग. ती प्लॉटच्या आत बसते का? राजारामपुरीत ती रस्त्यावरच येणार, शेजारच्या डॉक्टरांच्या दवाखान्यापुढं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तर बोलायलाच नको. कार, रिक्षा, बुलेट, ट्रॅक्टर, सगळ्यांना त्याच दिवशी पूजेसाठी चकचकीत व्हायचं असतं. हायवेच्या तुकड्यावर रांगेचा प्रश्न जवळपास नाही. उद्यमनगरात आहे, पण तिथं टेम्पो-ट्रक आधीपासूनच उभे असतात, लोकांना सवय आहे.

आवाजाची दिवसाची मर्यादा निवासी भागात 55 डेसिबल, व्यापारी भागात 65, औद्योगिक भागात 75. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. प्रेशर पंप, कॉम्प्रेसर आणि व्हॅक्युम एकदम चालू असताना हद्दीच्या भिंतीपाशी 55 राखायचे म्हणजे मशीन बंद खोलीत घ्यावी लागतात. उद्यमनगरातही आता वर राहणारी कुटुंबं आहेत, त्यामुळं तिथला झोन नेमका कोणता लागतो हे भाग नकाशा आणि झोन दाखल्यावरून बघायचं, पाटीवरून नाही.

पूर

हायवे म्हणजे उंचावरची सुरक्षित जागा, असं समजू नका. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेच पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पातळीला 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. तावडे हॉटेल ते शिरोली पूल या पट्ट्यातला प्लॉट स्वस्त मिळत असेल तर का मिळतोय ते ओळखा. नदीकडच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम होत नाही, निळ्या आणि तिच्या बाहेरच्या लाल पूररेषेच्या मधल्या भागात अटी लागतात. शहरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, नागाळा पार्क इथंही जयंतीच्या फुगीचं पाणी शिरतं. तेलाची टाकी एकदा पुरात बुडाली की ते तेल गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर रेघ ओढून जातं. या बाबतीत उचगावच्या पुढं, गोकुळ शिरगावकडचा चढाचा भाग बरा.

कागद कुणाकडे

शहरात महापालिकेचा नगररचना विभाग, 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणि धंद्याचा परवाना महापालिका अधिनियमाच्या कलम 376 खाली. शहरालगतच्या 42 गावांत 2017 पासून कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण. प्लॉट एमआयडीसीच्या आत असेल तर एमआयडीसीच. हायवेवर आणखी दोन गोष्टी: जमीन बिनशेती आहे का, आणि हायवेवरून आत यायच्या रस्त्याची परवानगी. ही दुसरी परवानगी लोक विसरतात आणि मग सेंटर तयार असूनही पुढं दुभाजकाची किंवा कठड्याची अडचण उभी राहते.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती तिन्हीकडे विचारात घ्यायची, कारण 1974 च्या जल कायद्यात सांडपाणी गटारात, नाल्यात किंवा जमिनीवर सोडायच्या आधी ती घ्यावी लागते. सर्व्हिसिंग, दुरुस्ती, पेंटिंग जोडलंत तर 2016 च्या वर्गवारीत ते ऑरेंज, म्हणजे मध्यम प्रदूषणाच्या, गटात होतं. नुसतं धुणं ठेवायचं की ऑइल बदलणंही, हे म्हणूनच अर्जाच्या आधी पक्कं करा.

मग घ्यायची कुठली?

मुख्यतः कार असतील आणि भांडवल बेताचं असेल, तर उद्यमनगरातलं शेड, चेंबरची खात्री करून. भाडं कॉलनीपेक्षा जास्त पडलं तरी चालेल. ट्रॅक्टर, ट्रक, उसाच्या हंगामातल्या गाड्या धरायच्या असतील तर हायवेच; पण मग मोठी टाकी आणि 60-70 टक्के पाणी परत वापरायची यंत्रणा पहिल्या दिवसापासून, नंतर बघू म्हणून नाही. ते पैसे हातात नसतील तर हायवेचा नाद सोडा. कॉलनीतला प्लॉट घरचाच असेल आणि विकायचा नसेल, तर मी तिथं फक्त स्टीम वॉश आणि आतली साफसफाई करीन. गाडीमागे काही लिटर पाणी, चिखलाने माखलेली गाडी घ्यायचीच नाही, दोन गाड्यांपुरती जागा आणि फोनवर वेळ देऊन बोलावणं. कमाई कमी, पण दार बंद व्हायची भीतीही कमी.

शेजारी म्हणून हे वाचत असाल तर एक लक्षात ठेवा. विकास आराखड्यात बदल करताना हरकती-सूचना मागवतात तसं एका प्लॉटच्या बांधकाम परवानगीसाठी सहसा होत नाही. पाटी लागायची वाट बघत बसू नका. नगररचना आणि परवाना विभाग दोन्हीकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. "आमचा विरोध आहे" एवढ्यावर कुणी फाइल अडवत नाही. सांडपाणी कोणत्या चेंबरला जोडलंय, टाकीचं माप काय, गाळ कोण नेणार, किती गाड्या आत उभ्या राहतील आणि मशीन किती वाजता बंद होणार, हे पाच प्रश्न अर्जात लिहा. मंजुरी मिळालीच तर त्यांची उत्तरं परवान्याच्या अटींत घाला, अशी मागणी त्याच अर्जात करा.